अर्ध्यावर सोडलेली ओळ

आधी तो आवाज लिहून घ्या, असे मी हवालदारांना म्हणालो. चाळीस पोरांनी एका दमात कवितेची ओळ पुरी केली की वर्गाचे पत्र्याचे छप्पर थरथरायचे, तो आवाज. हवालदार म्हणाले, "गुरुजी, आधी वय." म्हणून सांगतो. वय शहात्तर. धंदा आता काही नाही, पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक. नाव नोंदवहीत दिले आहे. राहणार धुलाई कारखान्यामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एकटा. आज शुक्रवारी सकाळी स्वतः चालत ठाण्यात आलो असून, कोणी न पढवता पुढील हकिकत सांगतो.

सदर कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जातात. कामाला वीस-बावीस बायका आहेत, सगळ्या लांबून आणलेल्या. त्यांना मुकादमाने आणले. त्यांची ओळखपत्रे त्याच्या कपाटात असतात आणि काम संपले की वरच्या खोलीला बाहेरून कडी लागते. हे मला ताईंकडून समजले. ताई म्हणजे बाहेरगावच्या कामगारांना त्यांचे हक्क समजावून सांगणारी मोहीम चालवतात त्या. पत्रके वाटून झाली होती, पण त्या बायकांना इथले वाचता येत नाही. ताई म्हणाल्या, "गुरुजी, कानात बसेल असं काहीतरी द्या." मी दोन ओळी रचून दिल्या. त्या अशा:

दार उघडे, कागद हाती, सुट्टीचा वार माझा;
काम करीन मानाने मी, कोण कुणाचा राजा!

फार मोठी कविता नव्हे, हे मला कळते. पण ताल बरा आहे. तीन आठवडे रोज सकाळी अकरा वाजता टेम्पोवर भोंगा लावून मी कारखान्याच्या भिंतीशी ती म्हणत असे.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून चूक घडली. शाळेतली खोड अशी की मी ओळ अर्ध्यावर सोडतो आणि बोट वर करतो. पुढचे वर्गाने म्हणायचे. आमची ही हयात असताना म्हणायची, "तुम्हाला घरातही फळा लागतो." त्या दिवशी मी "काम करीन मानाने मी" इथे थांबलो. वरच्या झरोक्यातून एका बाईने ओळ पुरी केली. स्वच्छ. शेवटचा 'जा' तिने खाली न सोडता वर नेला, अजून काही सांगायचे असल्यासारखा. मी भोंग्यात ओरडलो, "शाबास! कोण गं ती? पुन्हा म्हण!"

ती पुन्हा म्हणाली.

त्या वेळी मुकादम फाटकात उभा होता. त्याने मान वर करून झरोका पाहिला. ते मी पाहिले, आणि तरीही टाळ्या वाजवल्या.

बुधवारी झरोक्यावर फळी होती. खिळे नवे, चकाकणारे. मुकादम माझ्याशी फार अदबीने बोलला. "गुरुजी, तुमच्या कवितेनं आमची पोरगी आजारी पडली की हो. विश्रांती घेतेय." मी विचारले, कोणती पोरगी? तो म्हणाला, "वा! नाव माहीत नाही आणि शाबासकी देऊन मोकळे?" नाव मला अजून माहीत नाही. मग तो म्हणाला की शनिवारी सकाळी गाडी येणार आहे, तिला घरी पाठवून देतो. घर कुठे, ते त्याने सांगितले नाही. मागच्या दारी त्याची बायको बादल्या घासत होती. कामगारांचा स्वयंपाक तीच करते. ती मला म्हणाली, "भोंगा घेऊन माझ्या दारात उभे राहू नका. रोज तेच तेच ऐकून कान किटले."

गुरुवारी मी भोंग्याशिवाय गेलो. भिंतीला तोंड लावून अर्धी ओळ म्हटली आणि थांबलो. असे सात वेळा केले. आतून फक्त यंत्रे ऐकू आली. दुपारी सव्वा वाजता मुकादमाची बायको झाकलेले एकच ताट घेऊन साबणाच्या भुकटीच्या कोठीकडे गेली. तिने कमरेची किल्ली काढली, ताट आत ठेवले, पुन्हा कुलूप लावले. त्या कोठीला खिडकी नाही. शेजारून गेले तरी घशात चरचरते.

ठाण्याच्या साहेबांनी विचारले, "तुम्ही तिला पाहिलंय?" नाही. झरोक्याच्या गजावर चार बोटे पाहिली. दिवसभर पाण्यात असल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. "मग ओळखणार कशी?" आवाजावरून. साहेब हसले. "गुरुजी, आवाजाचा पंचनामा कसा करायचा?" मी सांगितले की चौतीस वर्षे वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिले आहे. मागे कोण बोलले ते मला न वळता कळत असे आणि एकदाही चुकलेलो नाही. साहेब म्हणाले, तक्रार तिची हवी, किंवा आतल्या कोणाची तरी. बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून कुलूप तोडता येत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की शनिवारची गाडी येण्याआधी ती कोठी उघडावी. तिचे तोंड बाहेरून कोणी बंद केले असेल ते केले असेल. ते उघडायला मी लावले होते.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवायला घेतला. मी ऐकत गेलो. माझ्या सांगण्यात आणि त्यांच्या लिहिण्यात फरक आढळला नाही. कवितेपाशी आल्यावर त्यांनी "काम करीन मानाने मी" इथवर वाचले आणि पान उलटायला थांबले.

"कोण कुणाचा राजा," दारातून बाईचा आवाज आला.

मी न वळताच ओळखले की हा तो आवाज नव्हे. वळून पाहिले तर मुकादमाची बायको. हात कोपरापर्यंत ओले, पायात चप्पल नाही. तिने माझ्याकडे पाहिले नाही. सरळ टेबलाशी आली आणि किल्ली साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"साबणाच्या कोठीची आहे," ती म्हणाली. "तक्रार माझी लिहा. पण मागाहून. आमचे हे जेवायला बसलेत, अर्धा तास आहे."

साहेबांनी टोपी उचलली आहे. हे शेवटचे वाक्य हवालदारांनी उभ्यानेच लिहिले. माझी सही कोठीवरून परत आल्यावर होईल.