बाकड्याखालची माती

— खेकड्यानं नेलं असेल, इंजिनेर आपा, मी कशाला नेऊ? लाल फडकं दिसलं की आमचे खेकडे नवरदेवागत उधळतात — नाय हसलात? बरं, मग बकरीनं ओढलं. शोमशेरची बकरी निवडणुकीचे कागद खाते, खणायच्या जागी बांधावर खोचलेलं तुमचं निशाण तिला काय जड? काल इथं खोचलं होतं नि आज तिकडं बाभळीपाशी सापडलं — मग चालत गेलं असेल की! इथं सगळंच चालतं. माझं पहिलं घर चालत चालत खोलपेटुआ नदीच्या मधोमध गेलं, आता मासे राहतात त्यात, भाडं देत नाहीत. बसा. नाय नाय, त्या खोक्यावर. बाकड्यावर मी बसतो. मोकसेद गाजीच्या चहाच्या दुकानात बाकड्यावर फक्त मोकसेद गाजी बसतो, साऱ्या गावाला ठाऊक आहे. घ्या चहा. खारट लागतोय? साखरच टाकलीय हो — पाणीच तसलं.

काय म्हणता, गढूळ? बांधाला आतल्या अंगानं पाझर आहे, तो काय आजचा? म्हातारा झालाय बांध, माझ्यागत, जरा गळणारच — बरं बरं, तोंड फिरवू नका, जीभ घसरते माझी. नितळ आलं तर चालतं, गढूळ आलं म्हंजे आतनं माती वाहतेय — असं? नि परवा अमावास्येची भरती. व्हय, पूर्वी अमावास्येला पाणी बांधाच्या कमरेला लागायचं, आता गळ्याशी येतं, वादळ नसताना. फुटला तर गोड्या पाण्याचं तळं जाईल, शाळा जाईल, वादळात सगळे जिच्या माडीवर चढतात ती — मला काय सांगता? मागल्या खेपेला फुटला तेव्हा मी इथंच होतो. आलेलं पाणी जायचं नाव घेईना. पावसाळा सरला, ईद गेली, आम्ही आपले बांधावर, बकऱ्या नि माणसं एका ताडपत्रीखाली. मी म्हणायचो, बकरी कोण नि मोकसेद कोण, वासावरनं ओळखा — रोमेसा हसायची. बायको माझी. तिला हगवण लागली तिथंच. आता माणूस गेलं तर पुरायचं कुठं? जिकडं बघावं तिकडं पाणी, कोरडी माती एवढीच, बांधाची. मग बांधातच. साऱ्यांनीच आपापली माणसं बांधात ठेवली. गेल्या हिवाळ्यात तुमची माणसं आली, म्हणाली, कबर आतनं पोकळ असते, वरचे बांबू कुजले की बांधाला भोक पडतं. उकरून शाळेमागं नेल्या, खड्डे ठासून भरले, इमामसाहेबांनी दुआ पढली, सगळं रीतसर. सगळ्या नेल्या? व्हय, सगळ्या — म्हंजे, खूण होती त्या. खजुरीची फांदी खोचलेली असते ना — आता एखादी फांदी कुणी उपटली, वर बाकडं टाकलं — असं बघू नका, गंमत केली. चहा निवतोय तुमचा.

शाळेमागली जागा बघितलीत? खोलगट. सर आली की घोट्याएवढं साचतं. नि रोमेसाला पाण्याचं भ्याव. नदीकाठी जन्मली नि जन्मभर नदीकडं पाठ करून बसली. मी मागनं जाऊन ओंजळभर पाणी उडवायचो — अशी किंचाळायची! मग दिवसभर अबोला. तिला त्या डबक्यात नेऊ? इथं कोरडी आहे. इथं चहाचा वास येतो तिला, माझी बडबड ऐकू येते, इथं —

ते काय, बाटलीत? पाझराचं? आत्ताच भरलंत? द्या बघू. उन्हात धरा जरा. हलवू नका.

काळी आहे ही माती.

बांध तर पिवळ्या मातीचा, होडीनं आणलेल्या. काळी नाय त्यात कुठं. काळी मी आणली होती — तळ्याकाठची, तेव्हा पाण्याखाली गेलेली, बुडी मारून, टोपलीनं — तिच्या अंगावर मऊ पडावी म्हणून.

ओतू नको पोरी. दे इकडं.

तुझ्या माणसांना हाक मार, ते बाभळीपाशी उगीच खणतायत. बाकडं मी उचलतो — राहू दे, तू हात लावू नको. डोकं उत्तरेला आहे. फावडं पायाकडनं चालवायला सांग, नि शेवटचं हातानं. हातानं म्हणलं. बघतेस काय? दुकान बंद झालंय. जा.