उपाशीपोटी

गिरजाबाई : थांबले काऊन, गुर्जी? वाचा ना.

गुरुजी : वाचतोच आहे. सरकारी मराठी आहे, गिरजाबाई. तांदळातले खडे निवडावे तसं वाचावं लागतं.

श्रावण : सारं नोका सांगू जी. कोतवाल गावभर बोलून राह्यला, थे त्याच्यात हाये का, तेवढंच सांगा.

(नव्या गडचिरोली जिल्ह्यातलं, मुलचेऱ्याकडचं जंगलातलं एक गाव. १९८४ सालचा जानेवारी, रविवारची सकाळ, शाळेची पडवी. श्रावण अलोणे बांबूच्या कुपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यात, जाणारा मजूर. गिरजाबाई त्याची सासू. त्याची बायको रुखमा गेल्या मार्चमध्ये कुटुंबनियोजनाच्या कॅम्पात, ऑपरेशननंतर वारली. नुकसानभरपाईचा अर्ज हरिदास निमगडे गुरुजींनीच लिहून दिला होता. त्याचं उत्तर आलं आहे. गुरुजी हल्ली रविवारीही शाळेतच बसतात. घरी सापडले तर बुद्धविहारातून वंदनेचं बोलावणं येतं, आणि ते त्यांना नको असतं. कागद हातात आहे, आणि वरच्या एका ओळीवर बोट ठेवून ते थांबले आहेत.)

गुरुजी : कोतवाल काय बोलतो?

गिरजाबाई : काय बोलन! तालुक्याच्या बाबूनं त्याच्या कानात फुंकलं. रुखमानं चोरून खाल्लं, म्हून मेली. चावडीवर मांडी घालून सांगून राह्यला मेला. कांता तीन दिवसापासून शाळेत नाई आली, पाह्यलं का तुमी? पोट्टे तिले म्हणतेत, तुही माय खा-खा करून मेली.

गुरुजी : पाहिलं. मला वाटलं, लहान भावंडं सांभाळायची असतील...

श्रावण : वाचा जी.

गुरुजी : "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की... शस्त्रक्रियेपूर्वी उपाशीपोटी राहण्याची स्पष्ट सूचना देऊनही मयत बाईने अन्न सेवन केले व ती बाब लपवून ठेवली. सबब मृत्यूस ती स्वतः जबाबदार असून आपली मागणी अमान्य करण्यात येत आहे."

श्रावण : अमान्य म्हंजे नाई.

गुरुजी : नाही.

श्रावण : अना लपवून ठेवली म्हंजे?

गुरुजी : म्हणजे... खोटं बोलली, असं त्यांचं म्हणणं.

श्रावण : रुखमा?

गुरुजी : त्यांचं म्हणणं, श्रावणभाऊ.

श्रावण : दहा महिने झाले, गुर्जी. चंद्रपूरले गेलो, तं म्हणे तुमचा जिल्हा आता येगळा. गडचिरोलीले गेलो, तं म्हणे फाईल चंद्रपुरातच हाये. दोन जिल्ह्याच्या मधात माहा फुटबॉल केला. अना शेवटी हे? लिहा तुमी. आजच्या आज दुसरा अर्ज लिहा. माह्या बायकोनं काई खाल्लं नव्हतं.

गुरुजी : असं कसं लिहिता येईल?

श्रावण : काऊन नाई येत? मी सोता पाह्यलं ना. कुपात जाच्या पह्यले तिनं आमाले साऱ्याइले आंबील वाढली, अना आपण घोटबी नाई घेतला. मी म्हटलं, जराशी घे. म्हणे, गुर्जीनं सांगतलं हाये, उपाशीपोटी या. तुमचा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ होती जी तिले.

गुरुजी : त्यांच्याजवळ काही पुरावा असल्याशिवाय ते असं लिहिणार नाहीत.

श्रावण : कायचा पुरावा? मेल्यावर पोट फाडून पाह्यलं का त्याईनं?

गिरजाबाई : जाऊ द्या, जवाईबापू. नोका लिहू.

श्रावण : मामी, तुमीबी?

गिरजाबाई : मेलेल्या माणसाच्या नावानं भांडून काय भेटते? मी धानाच्या रोवण्याले जाईन, मोहाफुलं येचीन. तिन्ही लेकराइचं होऊन जाईन. कागद चुलीत घाला.

श्रावण : चावडीवर तुमच्या पोरीले चोर म्हणून राह्यले, अना तुमी म्हणता चुलीत घाला?

गिरजाबाई : म्हणतेत तं म्हणू द्या.

श्रावण : काऊन म्हणू द्या?

गिरजाबाई : खरं हाये म्हून.

श्रावण : काय खरं हाये?

गिरजाबाई : ओरडू नोका. तिचं लुगडं मी धुतलं. तालुक्याचे जीपवाले तिचं मढं टाकून गेले, तवा तुमी कुपातून याचे होते. पदर उलटीनं भरला होता. त्याच्यात कांदा होता. बेसन होतं. घरी तं आंबील होती, कांदा कुठून आला? मी नदीवर गेली अना खंगाळ खंगाळ खंगाळलं, कोणाले दिसू नाई म्हून. लहान होती तवापासून तशीच होती थे. बजारात नेली का भज्याच्या दुकानासमोरून हालत नव्हती. तिच्या पुण्यानुमोदनाले विहारात सारं गाव रडलं, मी नाई रडली, पाह्यलं असन तुमी. मले राग आला होता तिचा. माह्या पोरीनं जिभेपायी तीन लेकरं उघडी पाडली, शरम वाटत होती मले.

श्रावण : दहा महिने नाई सांगतलं तुमी?

गिरजाबाई : काय सांगू? कोणत्या तोंडानं सांगू?

श्रावण : अना मी हापिसात छाती ठोकून सांगत होतो, साहेब, माही बायको खोटं बोलणारी नाई. बाबू एकमेकाकडे पाहून हासत होते. आता समजलं, काऊन हासत होते. माह्यासमोर म्हणे उपाशी जातो, अना फाट्यावर जाऊन... मले सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं का तिले? द्या तो कागद, गुर्जी. मामी म्हणतेत थेच बरोबर हाये.

गुरुजी : थांबा.

श्रावण : द्या.

गुरुजी : तिनं चोरून खाल्लं नाही.

गिरजाबाई : तुमाले का माहीत?

गुरुजी : श्रावणभाऊ, या कागदातली एक ओळ मी वाचली नाही.

श्रावण : कोणती?

गुरुजी : वरचीच. "प्रवर्तक श्री. हरिदास निमगडे, सहायक शिक्षक, यांच्या लेखी जबाबानुसार." त्याच्यानंतर बाकीचं येतं. प्रवर्तक म्हणजे बाईला कॅम्पात घेऊन जाणारा. मी.

श्रावण : तुमचा जबाब?

गुरुजी : पावसाळ्यात साहेब आले होते चौकशीला. मी लिहून दिलं की, उपाशी राहा असं मी सांगितलं होतं. वाटेत बाईनं काही खाल्लं असेल तर मला ठाऊक नाही.

गिरजाबाई : अना ठाऊक होतं.

गुरुजी : भजे मीच घेऊन दिले, गिरजाबाई.

श्रावण : बसा, मामी. बसा खाली. गुर्जी, पह्यल्यापासून सांगा. खडे निवडू नोका आता.

गुरुजी : एकतीस मार्च होता. पहाटे निघालो. फाटा तीन कोस. रुखमाबरोबर टोल्यावरच्या, पलीकडच्या वाडीतल्या, दोघी होत्या. नऊची बस आलीच नाही. ऊन तापलं, त्या दोघी कंटाळून परत फिरल्या. रुखमाला चक्कर आली. झाडाखाली बसली आणि म्हणाली, गुर्जी, आज राहू द्या, पुढच्या कॅम्पाले येईन.

श्रावण : मंग?

गुरुजी : मला पुढचा कॅम्प चालणार नव्हता. आम्हा मास्तरांना केसेस ठरवून दिल्या होत्या, तीन तीन. एकतीस मार्चच्या आत तीन बाया न्या, नाहीतर वेतनवाढ बंद, असं लेखी आलं होतं. माझ्या दोन झाल्या होत्या. मी टपरीवर गेलो आणि गरम भजे आणले.

गिरजाबाई : अना खाल्ले तिनं.

गुरुजी : नाही. नको म्हणाली. तुमीच तं उपाशी सांगतलं, म्हणाली. मी म्हटलं, अगं, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, टाका एवढासा. नंबर लागेपर्यंत पचून जातं. मला काय कळत होतं त्यातलं? पण मी गुरुजी. तिनं ऐकलं. मग बाराच्या बसनं कॅम्पात पोचलो.

श्रावण : कॅम्पात कोणी इचारलं नाई?

गुरुजी : विचारलं ना. नर्सबाईनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? रुखमानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर तिला परत पाठवणार, हे मला माहीत होतं. ती तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, उपाशी आहे बाई, कडक उपाशी.

श्रावण : अना थे काय बोलली?

गुरुजी : काहीच नाही. मी बोलल्यावर ती कशाला बोलते?

श्रावण : म्हंजे खोटं बोललीच नाई.

गुरुजी : एक अक्षर नाही.

गिरजाबाई : मेली कशी मंग? चार भज्यानं मरते का माणूस?

गुरुजी : ऑपरेशन झालं आणि व्हरांड्यात सतरंजीवर उताणी टाकली. ओळीनं तीस बाया. गुंगीत तिला उलटी आली. कोणी नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी... डॉक्टरची जीप पुढच्या कॅम्पाला निघून गेली होती. कंपाउंडर बायांना बक्षीस म्हणून वाटायच्या बादल्या मोजत होता. मी हाका मारल्या, तो म्हणाला, गुंगी आहे, उतरेल. त्यांची चूक आहे, श्रावणभाऊ. माझ्यामुळे त्यांची चूक कमी होत नाही. पण मी तेही जबाबात लिहिलं नाही. ते उपटलं की त्याच्या मुळाशी माझं भज्याचं पुडकं निघालं असतं.

श्रावण : म्हून तुमी तिच्या अंगावर ढकललं. थे तं काई बोलणार नव्हती.

गुरुजी : हो.

गिरजाबाई : दहा महिने मी रोज तिले शिव्या देल्ल्या, गुर्जी. मनातल्या मनात. भांडे घासता घासता. तुमी रस्त्यानं जात होते, मले जयभीम करत होते, अना मी तुमाले करत होती. गुर्जीनं अर्ज लिहून देल्ला म्हून लाखोळीची डाळ पोचवली मी तुमच्या घरी. नवी डाळ. लेकराच्या तोंडातली.

गुरुजी : ती शिजवली नाही मी. डब्यात तशीच आहे.

गिरजाबाई : तिले कीड लागली असन. तुमच्या पोटाले नाई लागली का?

श्रावण : मामी.

गिरजाबाई : बोलू द्या मले. आता समजलं, वंदनेले काऊन येत नाई हे. मी साऱ्याइले सांगत होती, गुर्जीची तब्बेत बरी नाई.

गुरुजी : पंचशील मलाच म्हणून घ्यावं लागतं. पहिली तीन निघतात तोंडातून. खोटं बोलणार नाही, हे चौथं आलं की पोरं माझ्याकडे पाहतात, आणि माझी जीभ टाळूला चिकटते. भित्रा आहे मी, गिरजाबाई. वाईट नव्हतो, पण भित्र्या माणसाकडून वाईटच होतं.

श्रावण : लिहा.

गुरुजी : हो. लिहितो.

श्रावण : नोकरी जाईन तुमची?

गुरुजी : जाईल बहुतेक. जबाब फिरवला म्हणून आधी घरी बसवतील.

श्रावण : तुमच्या पह्यले चार साल इथी मास्तर नव्हता. शाळेत बकऱ्या बसत होत्या. माही कांता तुमच्यापाशी वाचाले शिकली.

गुरुजी : म्हणून काय म्हणता?

श्रावण : काई नाई. मनात आलं माह्या, जाऊ द्यावं का. मेलेली तं परत येत नाई. आलं मनात, अना माहीच मले लाज वाटली. लिहा तुमी.

गुरुजी : "मी, हरिदास निमगडे, सहायक शिक्षक, स्वखुशीने लिहून देतो की, माझा पूर्वीचा जबाब खोटा आहे. दिनांक एकतीस मार्च रोजी मयत रुखमा हिला मी स्वतः भजे खाऊ घातले. नर्सबाईंनी विचारले असता, ती उपाशी आहे, असे मी खोटे सांगितले. मयत बाईने काहीही लपविले नाही." व्हरांड्यातलं, डॉक्टरचं, सगळं याच्याखाली घेतो. ठीक आहे?

गिरजाबाई : कागदाचं ठीक हाये. थो जाईन गडचिरोलीले, साल लागन का दोन साल लागन. गाव तं इथी हाये. आज विहारात सारे जमले हायेत. तिथी वाचा हे.

गुरुजी : आज?

गिरजाबाई : मंग कवा? कोतवालबी हाये तिथी. कांताले मी पुढं बसवतो.

गुरुजी : येतो. तोंड धुऊन येतो.

श्रावण : तसेच चला. अना गुर्जी, थे "खाऊ घातले" म्हटलं, तेवढ्यानं नाई होत. भूक लागली होती तिले, थेबी लिहा. हावरट नव्हती थे.

गुरुजी : जबाबात असं लिहीत नाहीत, श्रावणभाऊ.

श्रावण : तुमी लिहा.

गुरुजी : "पहाटेपासून उपाशी, तीन कोस चाललेली... तिला भूक लागली होती." लिहिलं.

श्रावण : किती खाल्ले तिनं?

गुरुजी : दोन.

गिरजाबाई : दोनच? थे तं अख्खा पुडा संपवणारी होती.

गुरुजी : बाकीचे तिनं माझ्यापुढे केले. म्हणाली, तुमीबी सकाळपासून उपाशीच हाये ना, गुर्जी.

श्रावण : अना तुमी?

गुरुजी : खाल्ले.