चार दिशांचे जावई

मोरोक्कोतल्या सेत्तात गावच्या पिठाच्या गिरणीत माझ्यापुढे दोन म्हातारे शेतकरी रांगेत उभे होते.

"हाजी बुअज्जा, जवाची सहा पोती? घरी लग्न काढलंय की काय?"

"लग्नं कधीच झाली, अल्लाल. तीच निस्तरतोय."

"तरी सांगत होतो, नुसत्या जवावर राहू नका. ऑलिव्ह लावा, बकऱ्या पाळा."

"अरे, मी तुझ्यापेक्षा हुशार! चार लेकी चार दिशांना दिल्या. डोंगरात, समुद्रकाठी, कालव्यावर, खजुरीच्या मळ्यात. इथं दुष्काळ पडला, की जिथं पिकेल तिथं मुक्काम ठोकायचा."

"वा! मग यंदा कुणाकडे?"

"यंदा पाऊस फक्त आपल्याच गावात पडला रे. चारही जावई बिऱ्हाडासकट माझ्याकडे येऊन बसलेत. आणि थोरला जेवताना विचारतो, मामा, ऑलिव्ह का नाही लावलेत?"