खुनी दारातनंच येतो

न्हाई बसवनार दार! काय निरोप दिला तुझ्याजवळ माझ्या मेव्हन्यानं? "दाजी दार बसवतील तवाच ताई नांदायला येईल"? आरं, आपल्या शिंगनापुरात कुनाच्या घराला दार हाय का? शनिदेवाला काय सांगू, बायकू पिच्चर बघून भ्याली?

ह्यो मेव्हनाच घेऊन गेल्ता आमाला नगरला पिच्चरला. जुन्या काळचा पिच्चर, घोडागाड्या, काळोखी हवेली. त्यातला खुनी एक गोष्टीचं पुस्तक वाचायचा आन त्यात लिवलंय तसाच खून पाडायचा. दर खुनाच्या आधी दार करकरायचं.

घरी आल्यावर बायकू म्हनली, "आवं, आपल्याला दारच न्हाई. त्यो आला ह्ये कळायचं कसं?"

मी म्हनलो, "येडे, त्यो पुस्तकाबाहेर जात न्हाई. पुस्तकात दार उघडून येतो. आपल्याकडं काय उघडंल, कपाळ?"

तेवढ्यावरनं रुसून गेली माहेरी, केडगावला.

आन तिथं दोन दारं हायेत रं! दोन्ही करकरत्यात, मी सोता ऐकलंय. मी गेलो तर मेव्हन्याचं टकुरं फोडीन. तवा तू च्या ठेव खाली, यष्टी धर, आन तिला आजच्या आज घेऊन ये.