हणमंतनानांनी राग सोडला

मंडळी, एक सांगा मला. चातुर्मासात तुम्ही वांगं सोडता. कांदा-लसूण सोडता. आमच्या एका यजमानांनी तर यंदा कारलं सोडलंय — मुळात आवडतच नव्हतं म्हणून! मग राग का सुटत नाही? बोला की. पुढची रांग बघा कशी सतरंजीचे धागे मोजायला लागली!

ऐका तर. एका गावात हणमंतनाना जगदाळे म्हणून पिठाच्या गिरणीचे मालक. माणूस सरळ, देवाला भिणारा. पण लाईट गेली की तोंड सुटायचं. बायका डबे रांगेत ठेवून भाजीला गेल्या — तोंड सुटायचं. ओले गहू आले, पट्टा निसटला — सुटायचंच! आणि गिरणीला कुलूप लावताना राग काही आत राहायचा नाही, तो नानांबरोबर घरी जायचा.

दोन वर्षांमागं दिवाळीला लेक-जावई आलेले. दिवसभर लाईट नाही म्हणून नाना गिरणीतून तापून आले आणि पानावर बसलेल्या जावयाला म्हणाले, "लोकांना बसून खायला बरं सुचतं." झालं! जावई भरल्या ताटावरून उठला, लेक कल्पना त्याच्यामागं. तेव्हापासून पोरीनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही. बोलायचं होतं लाईटवाल्याला, आणि लागलं कुणाला?

यंदा कल्पनाचा आईला फोन आला. "नागपंचमीला येतो आम्ही. पण नानांचा आवाज चढला, तर पुन्हा बोलवू नका." नानांचा लेकीवर फार जीव. आषाढी एकादशीला देवळात सगळ्यांसमोर नेम घेतला — चार महिने राग वर्ज्य! वर गिरणीवर पाटी लावली: 'मालकांचा राग चातुर्मासात बंद आहे. गिऱ्हाइकांनी सहकार्य करावे.'

आता बघा गंमत. नेम नानांचा, आणि पाळायचा कुणी? गिऱ्हाइकांनी! कुणी नंबर सोडून घुसलं की नाना गरजायचे, "पाटी वाचता येत न्हाई? माझा नेम मोडायला आलाय का?" आवाज पार वेशीपर्यंत! त्यात नियम असा, की आज राग आला तर उद्या उपास. पंधरा दिवसांत अकरा उपास घडले. आणि मंडळी, उपाशी माणसाचा राग कमी होतो का? एकादशीला साबुदाणा कमी पडला की तुमच्या घरी काय होतं, ते मला इथं बसून ऐकू येतं!

बायको हौसाबाई शहाणी. म्हणाली, "अहो, वांगं सोडलं तर ते आपणहून ताटात येत न्हाई. लाईट मात्र रोज जाणार. तिला कसला नेम घालताय?"

"मग मी काय करू म्हणतीस?"

"ते मला न्हाई ठावं. पण पोरगी येतीय, एवढं ध्यानात ठेवा."

आता पंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, दळायचं नाही. म्हणून सगळं गाव दळायला येतं आदल्या दिवशी! चाळीस डबे रांगेत. तासभर लाईट नाही. आली तशी नानांनी घाईत कुणाची बाजरी दळली आणि लगेच वर गजराकाकूंचे गहू ओतले. काकूंनी पिठात बोटं घातली.

"नाना, बाजरी उतरलीय ह्यात. उद्या माझी पुरणाची दिंडं काळी व्हायची. बाजरीनंतर मूठभर गहू टाकून पहिलं पीठ बाजूला काढायचं, हे मी सांगू तुम्हाला?"

तीस वर्षं गिरणी चालवणारा माणूस! भर गर्दीत बाईनं चूक दाखवली. कानशिलं तापली, शब्द जिभेवर आला — आणि नेमके त्याच वेळी एसटीतून उतरलेले लेक-जावई दारात! जावई बिचारा भीत भीत म्हणाला, "मामा, लई गर्दी दिसतीय."

 कल्पनानं हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

नानांनी जावयाकडं बघितलं, काकूंच्या डब्याकडं बघितलं, आणि माणूस तिथं उमजला. बाजरी दुसऱ्याची, नासलं पीठ काकूंचं. राग लाईटचा, राग स्वतःच्या चुकीचा, आणि आता पडणार कुणाच्या डोक्यावर? जो नुसता 'गर्दी दिसतीय' म्हणाला त्याच्या!

राग गेला नाही हं. खोटं कशाला सांगू? राग होता तसाच होता. पण तो कुणावर ओतायचा, की ओतायचाच नाही, हे नानांच्या हातात होतं. त्यांनी मूठभर गहू गिरणीत टाकले. ते दळून होईस्तोवर पाठ फिरवून गप उभे राहिले. तेवढं पीठ कोंड्याच्या पोत्यात झाडलं, मग वळले.

"काकू, चूक माझी. घरचे गहू घालून दळून देतो." मग जावयापुढं हात जोडले. "पाव्हणं, त्या दिवाळीला मी तुम्हाला ताटावरून उठवलं. तुमचा काही गुन्हा नव्हता. घरी व्हा पुढं. दळण संपवून येतो, मग एका पंगतीला बसू."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटी नानांनी स्वतः उतरवली.

आता तुमचं बघू. कीर्तन संपलं की बाहेर जाल. तुमची नवी चप्पल कुणीतरी भाविक घालून गेलेला असेल! शोधून शोधून जीव मेटाकुटीला येईल. अनवाणी, खडे टोचत घरी पोचाल. बायको दार उघडेल, आणि एवढंच म्हणेल, "आलात?"

मंडळी, चप्पल तिनं नेलेली नाही!