चकरी धरायला माणूस

नाही हो, बसा, उठू नका — मला काय माहीत तुम्हाला मराठी कळतं म्हणून? कळलं असतं तर बोलले असते का मी तसं? "हा काही घेत नाही, चार वेळा काठी हवेत फिरवेल आणि घरी विचारून सांगतो म्हणून निघून जाईल" — असंच म्हटलं ना मी? आणि तुम्ही आपले शांतपणे म्हणता, "नाही काकू, घेणार आहे." हसा, हसा. रागावला नाहीत म्हणजे झालं. सवय हो, दुसरं काय — लग्न होऊन या दुकानात पाय टाकला तेव्हापासूनची. गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमचं आपसात मराठी. झाशीत कुणाला कळतंय? समोर माणूस उभा आणि आम्ही दोघं खुशाल त्याच्याचविषयी बोलतोय — ह्याला तो रॉड नको दाखवू, मोडून ठेवेल. हा भला दिसतो, ह्याला आतला काढून दे. ह्या छावणीच्या रस्त्यावर आमच्याइतकं मोकळं कुणी बोलत नसेल.

कुणाशी बोलत होते? ह्यांच्याशी. आमच्या ह्यांच्याशी, नीलकंठरावांशी. तुमच्या मागं स्टूल आहे ना, त्यावर बसायचे ते — नाही, तिथं कुणी नाही, मलाही दिसतंय, घाबरू नका. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. पण गिऱ्हाईक आलं की तोंड आपोआप तिकडं वळतं. सूनबाई म्हणते, अम्माजी सठिया गई हैं, म्हणजे साठी बुद्धी नाठी. तोंडावर नाही म्हणत, मुलगी चांगली आहे, दतियाची आहे, पण मला कान आहेत. म्हणू दे. मी म्हणते, बोलायचं तरी कुणाशी मग? रघूशी मराठीत बोलले तर तो "हां मम्मी, ठीक है" म्हणतो. समजतं त्याला सगळं, पण उत्तर हिंदीत. बिजौलीच्या कारखान्यात दिवसभर हिंदी, घरी बायकोशी बुंदेली, माझ्यापर्यंत येईतो दमलेला असतो. त्याचं काही चुकत नाही. पण तुम्ही मघाशी "काकू" म्हणालात ना, तर मला एकदम — जाऊ दे. काठ्या बघू या.

ही बघा, ही फायबरची. जड आहे, पण टिकाऊ. आणि ही कार्बनची, हलकी — धरा, मुठीत अशी नका धरू, झाडू आहे का तो? बोटं सैल सोडा. आता शेंडा माझ्याकडे करा, मी ओढते, आणि सांगा मला, हाताला कळतंय का. कळतंय ना? हेच बघायचं काठीत. रंग, स्टिकर, काही बघायचं नाही. मासा नुसता तोंड लावून गेला तरी मनगटाला कळलं पाहिजे. मी कधी मासा खाल्लेला नाही हो, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. सासऱ्यांनी हे दुकान टाकलं ते फौजेतल्या साहेबांसाठी, तेव्हा नात्यातली माणसं म्हणाली होती, ब्राह्मणानं गळ विकायचे? सासरे म्हणाले, गळ विकतो, गिळत नाही. आता ते म्हणणारे सगळे गेले, कुणी इंदूरला, कुणी पुण्याला मुलांकडे. दुकान तेवढं राहिलं.

लांब कशाला हवी? पहूज नदीच्या बांधावर बसणार ना? मग ही पुरे, उगाच लांब घेऊन झुडपात अडकवून बसाल. पारीछाला बेतवेवर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथं लांब फेकावं लागतं. दोन्हीकडे? मग मधली. ही. दोन तुकड्यांची आहे, सुटी करून पिशवीत बसते, गाडीत, ट्रेनमध्ये कुठंही नेता येते. आवडली ना? मला वाटलंच होतं. मघाशी तुमचा हात तीनदा हिच्याकडेच गेला.

आता रील. रील महत्त्वाची, काठीपेक्षासुद्धा. ही घ्या, ही मोठी. मोठी बरी. दोरा भरपूर मावतो. फिरवून बघा, आवाज येतो का? नाही ना? आणि ही पुढची फिरकी आहे ना, ही ढील द्यायची. मासा जोर लावून पळाला की रीलनं आपण होऊन ढील दिली पाहिजे, पतंगाला देतो तशी, नाहीतर दोरा तुटतो. आमचे हे सांगायचे गिऱ्हाइकांना, ओढून धरणाऱ्याचा मासा जातो, सोडून देणाऱ्याचाही जातो. मग करायचं काय, असं मी विचारायचे. तर म्हणायचे, कमल, ते मला ठाऊक असतं तर मी दुकान कशाला चालवलं असतं, नदीवर नसतो का बसलो?

थांबा, दोरा भरून देते ना. रिकामी रील घेऊन जाऊन काय करणार? घरी एकट्यानं भरता येत नाही, सांगते. आलात तसे या आत, स्टूल पुढं ओढा — त्याच स्टुलावर बसा, काही हरकत नाही. ही पेन्सिल दोऱ्याच्या चकरीत घाला, दोन्ही टोकांना धरा, आणि बोटानं चकरी जरा दाबून ठेवा. सैल सोडायची नाही. मी इकडं रील फिरवते. हां, अगदी असंच. दोन माणसांचं काम आहे हे. इतकी वर्षं ते धरायचे आणि मी फिरवायची, गिऱ्हाईक समोर चहा पीत बसायचं आणि आमचं चालू — रघूची फी, गॅसचा नंबर, तुमच्या आत्याचं काय उत्तर आलं, सगळं ह्या दोऱ्यावर बोलून व्हायचं. आता रघू धरतो कधी रविवारी, पण एका हातात फोन, म्हणजे दोरा ढिला बसतो. तो नसला की मी पायाच्या बोटांत पेन्सिल धरते. खरंच. शटर अर्धं ओढून घेते, कुणी बघायला नको.

बघा, झालंच — बोलण्यात लक्ष गेलं माझं. उलझला दोरा. ह्याला... थांबा हं, ह्याला आपण काय म्हणतो? उलझन नाही, आपला शब्द आहे. आई वेणी घालताना म्हणायची. अहो, जिभेवर आहे. — गुंता. हां, गुंता. गुंता झाला. बघा आता, साधा शब्द. कुणी समोर बोलणारं नसलं की शब्द असे निघून जातात, आणि विचारायचं कुणाला? सकाळी आंघोळ करताना मी मोठ्यानं बोलते, भांड्यांची नावं, सणांची नावं, काय वाटेल ते. फार एकटं वाटतं हो. घर भरलेलं आहे, सून जेवायला गरम वाढते, नातू गळ्यात पडतो, कशाला कमी नाही, आणि तरी एकटं वाटतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगायला नको होतं. सोडवला का गुंता? हात हलका आहे तुमचा.

तुम्ही घड्याळ बघताय. नाही, बघा की, कामं असतात माणसांना. एक सांगू का? ही रील तुम्हाला मोठी आहे. ह्या काठीला ती लहानी शोभते, ती तिथं काचेत आहे ना, ती. मोठी काढली कारण भरायला वेळ लागतो. आता म्हणा काय म्हणायचं ते. रागवा हवं तर. गिऱ्हाइकाला चुकीचा माल दिला नाही मी कधी, आजच दिला, आणि तुम्ही फौजेतले, केसांवरूनच दिसतंय, तुम्हाला कळलं असणार, तरी चकरी धरलीत. उतरवते हा दोरा. लहान रील लगेच भरते, दहा मिनिटांत मोकळे व्हाल.

धरा पुन्हा. हां. आणि काठी मोडली, शेंडा गेला, काही झालं तरी घेऊन या. काही नाही झालं तरी या. रविवारी पहूजवर जाताना इथूनच तर रस्ता आहे. चहा करते मी मागं. काय? — शुक्रवारी जाणार? म्हणजे ह्या शुक्रवारी? बदली? रिटायर. अच्छा. अच्छा, रिटायर. मग चांगलंच की. गाव कुठलं? वारणेकाठी, सांगलीकडं. म्हणजे ही काठी वारणेवर जाणार. मी आपली पहूज नि पारीछा करत बसले, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. बरं आहे. घरचे खूश असतील. तिथं सगळेच मराठी बोलतील तुमच्याशी, भाजीवालासुद्धा. कंटाळाल.

किती वर्षं होतात झाशीत? तीन? ह्याच छावणीत? अहो, मग ह्या रस्त्यानं रोज — दुकानातही आला होतात? कधी? मला कसं आठवत नाही? गळ न्यायला. पहिलं वर्षभर, दर महिन्याला. थांबा, टोपी घालायचात तुम्ही, लोकरीची, उन्हाळ्यातसुद्धा. तेच ना? मी तुम्हाला म्हणायची, "और कुछ भैया?" आणि तुम्ही, "बस माताजी." अहो, वर्षभर आपण दोघं मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत बोललो? तुम्हाला तर ठाऊक होतं. आमचं बोलणं ऐकू येत होतं तुम्हाला, मग तोंड का नाही उघडलंत?

परत सांगा. नाही, ऐकलं मी, पण परत सांगा. बोलला असतात तर आम्ही गप्प झालो असतो, म्हणता. हो, झालो असतो, तुमचं बरोबर आहे. खुर्ची दिली असती, चहा दिला असता, कुठले, काय, आणि मग तुमच्यासमोर नीट वागलो असतो. म्हणजे तुम्ही गळ न्यायला नाही, ऐकायला यायचात. एवढे गळ काय केलेत? डब्यात आहेत. सगळे. मासा एक नाही. रॉडसुद्धा नव्हता तुमच्याकडे? अहो, काय माणूस आहात तुम्ही.

मग तुम्ही ह्यांना ऐकलंय. त्यांचा आवाज ऐकलाय तुम्ही. मला तो आता नीट आठवत नाही, हे कुणाला सांगू नका. फोनमध्ये आहे थोडा, पण तो हिंदीतला, कुणा व्यापाऱ्याशी बोलतानाचा. मराठीतला कुठंच नाही. तुमच्याविषयी काही म्हणाले होते का कधी? आम्ही सगळ्यांविषयी बोलायचो, तुम्हाला काय सोडलं असेल? सांगा, वाईट असलं तरी सांगा. मला चालेल.

"कमल, ह्याला गंजलेले देऊ नको हं. घरापासून लांब आहे हा." असं म्हणाले? तुम्हाला बघून? काही न सांगता? हो, त्यांना कळायचं माणसाचं. आणि मी काय म्हटलं? "तुम्हाला सगळेच लांबचे वाटतात." हो, मीच म्हटलं असणार, माझंच बोलणं हे. फिरवायचं राहिलंच बघा माझं, दोरा ढिला बसेल. ते गेल्यावर मग आला नाहीत तुम्ही. आलात? दोनदा. दुकान गप्प होतं म्हणून परत गेलात. आणि आज मी स्टुलाशी बोलले, आणि उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही दिलंत.

झालं. भरली. सोडा आता चकरी, बोटांना वळ पडले असतील. टोक कापते. कापायलाच हवं, नाहीतर तुम्ही वारणेवर आणि चकरी माझ्या हातात. ही कात्री बोथट आहे — हां, तुटला. गळ देत नाही, डबाभर आहेत तुमच्याकडे. आणि मासा लागला तर ढील द्या, विसरू नका. जायच्या आधी एकदा म्हणा त्यांचं ते वाक्य. कमल म्हणून म्हणायचं, काकू नाही. त्यांच्यासारखं, हळू, "हं"वर जरा थांबून.

असंच म्हणायचे. जा आता. वळून बघू नका, गिऱ्हाईक उभं आहे बाहेर, मला तोंड पुसू दे.

आइए भैया, अंदर आइए. क्या दिखाऊँ?