विकेट पडू नये म्हणून

ऑस्ट्रेलियात आपण शेवटच्या दिवशी पाठलाग करून कसोटी जिंकली ना, तेव्हा मी बाळाला घेऊन घाटनांदूरच्या दवाखान्यात होते. बाळाला ताप होता. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, "घाबरू नका, घरी जा" म्हणाले अन् टीव्हीकडं वळले. मी दारात पोचते तोच आपली विकेट पडली.

"ताई, परत बसा. तुमी बसला होता तवर विकेट न्हाई पडली."

मला तेच पायजे होतं. दर ओव्हरला मी म्हणायची, "डॉक्टर, कपाळाला हात लावून बघा की." तेबी टीव्हीवरची नजर न काढता बघायचे.

शेवटी चौका गेला.

"जिंकलो, ताई. आता जावा घरी."

म्हणलं, "तुमचं झालं. आमचा ताप उतरू द्या, मग उठते."